साठ बुकमार्क आणि एक बारीक नळी

पत्र थोडक्यात: कोल्हापूरचे एक वाचक, वय २६, मेकॅनिकल इंजिनिअर. शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत तीन वर्षं क्वालिटीला आहेत. त्यांना सीएफडी, म्हणजे पाणी-हवेसारख्या प्रवाहांचं गणित कॉम्प्युटरवर सोडवण्याची विद्या, शिकून पुण्यात त्या क्षेत्रात नोकरी धरायची आहे. दीड वर्षात साठेक बुकमार्क जमले. एनपीटीईएलचा, म्हणजे आयआयटींच्या मोफत ऑनलाइन व्याख्यानांचा, कोर्स तीनदा सुरू केला आणि तिन्ही वेळा चौथ्या-पाचव्या व्याख्यानाला सुटला. ओपनफोम हे सीएफडीचं मोफत सॉफ्टवेअर टाकून पाहिलं, पण व्हिडिओतली कमांड त्यांच्या लॅपटॉपवर चालेना. पुण्यातली एक खासगी संस्था सहा महिन्यांच्या ऑनलाइन सर्टिफिकेटचे ८५ हजार मागते आणि वडील सोसायटीचं कर्ज काढायला तयार आहेत. ते विचारतात, "ताई, इंटरनेटवर इतकं पडलंय की काय धरावं कळत नाही. गणित कच्चं, इंग्रजी बेताचं, लॅपटॉप आठ जीबीचा. मराठीत काही आहे का? नेमका कोणता कोर्स करू ते एकच सांगा. की गुमान क्लासचे पैसे भरू?"

तुमच्या मूळ पत्रात मी मोजलं, कोर्सची आणि चॅनेलची मिळून अकरा नावं आहेत. प्रवाहाचं एकही नाही. पाणी, हवा, वितळलेलं लोखंड, भट्टीचा धूर, यातलं काय तुम्हाला कॉम्प्युटरवर वाहतं करायचंय ते तीन पानांत कुठेच आलेलं नाही. तुम्ही "नेमका कोणता कोर्स" विचारताय, आणि माझी अडचण अशी की ज्याला कुठे जायचंय हेच माहीत नाही त्याला एसटी कुठली सांगायची?

तुम्ही आळशी आहात असं मला वाटत नाही. तीनदा सुरू करणारा माणूस आळशी नसतो. पण तुम्ही धरून चाललात की आधी एक चांगला कोर्स पहिल्यापासून शेवटपर्यंत बघायचा, मग एखादा प्रश्न हातात घ्यायचा. एनपीटीईएलवरचे सीएफडीचे कोर्स वर्गात शिकवतात त्याच क्रमाने जातात, त्यामुळे सुरुवातीलाच संवर्धनाचे नियम, रेनॉल्ड्स ट्रान्सपोर्ट थिअरम, मग प्रवाहाची मूळ समीकरणं, नेव्हिअर-स्टोक्स. वर्गात सोबत वीस जण असतात, परीक्षा असते, शेजारच्याची वही असते. तुम्ही सेकंड शिफ्ट करून रात्री साडेअकराला एकटे ते बघताय. चौथ्या व्याख्यानाला डोळा लागणारच. म्हणून तुमच्या बुकमार्कांच्या फोल्डरला सध्या हात लावू नका. एक्सेल उघडा. क्वालिटीतला माणूस म्हणजे एक्सेल तुम्हाला झोपेतही येत असणार.

एका रकान्यात ४१ आकडे लिहायचे. ही दोन मीटर लांबीची एक रेषा आहे, दर पाच सेंटिमीटरला एक बिंदू. अर्ध्या मीटरपासून एक मीटरपर्यंतच्या बिंदूंना २ द्या, बाकी सगळ्यांना १. आलेख काढला तर सपाट जमिनीवर ठेवलेल्या चौकोनी डब्यासारखा दिसेल. हा डबा सेकंदाला एक मीटर या वेगाने उजवीकडे सरकवायचा आहे. आकार बदलायचा नाही, नुसता सरकवायचा. प्रवाहाबरोबर काहीतरी वाहत जातं त्याचं हे सगळ्यात गरीब रूप. आता नियम असा: प्रत्येक बिंदूची नवी किंमत म्हणजे त्याची जुनी किंमत, वजा एक गुणक गुणिले तो बिंदू आणि त्याचा डावा शेजारी (रकान्यात त्याच्या वरचा आकडा) यांतला फरक. गुणक कसा काढायचा? वेग गुणिले वेळेची पायरी भागिले बिंदूंमधलं अंतर. वेळेची पायरी ०.०२५ सेकंद घेतली तर गुणक येतो बरोबर अर्धा. म्हणजे नियम एवढाच उरला की स्वतःची आणि डाव्या शेजाऱ्याची सरासरी काढा. हे गणित कच्चं असलेल्या माणसालाही जमतं.

हे सूत्र पुढच्या रकान्यात लिहा आणि उजवीकडे वीस रकाने ओढा. डबा अर्धा मीटर सरकेल, पण वाटेत त्याचे कोपरे विरघळतील. पहिल्या पायरीत काठावरचा २ दीड होतो, दुसऱ्या पायरीत त्या काठाशी १.२५ आणि १.७५ असे दोन आकडे येतात, आणि विसाव्या रकान्यात चौकोनी डब्याचं उतरत्या बाजूंचं ढेकूळ झालेलं असतं. मूळ समीकरणात पसरणं नावाची गोष्टच नव्हती. ते पसरणं तुमच्या सरासरीने आत आणलं. याला न्यूमरिकल डिफ्यूजन म्हणतात, आणि पुढे कधी महागड्या सॉफ्टवेअरमध्ये गाडीमागचा भोवरा वेळेआधी विझलेला दिसला तर त्यामागे हाच डबा असू शकतो.

आता बिंदू वाढवा, वेळेची पायरी तीच ठेवा. ८१ बिंदू घेतले की गुणक बरोबर १ होतो, नवी किंमत म्हणजे थेट डाव्या शेजाऱ्याची जुनी किंमत, आणि डबा एकही कोपरा न गमावता सरकतो. साहजिकच वाटतं की अजून बारीक केलं तर अजून छान येईल. ८५ करा. गुणक होतो १.०५, बिंदूच्या स्वतःच्या किमतीला उणे ०.०५ चं वजन मिळतं, काठांवर दात उगवतात आणि दर पायरीला वाढत जातात. चारच बिंदू वाढवले होते! "जाळी बारीक तितकं उत्तर बरं" (जाळी म्हणजे हेच बिंदू) हे वाक्य तुम्ही व्हिडिओंत शंभरदा ऐकलं असेल. ते वेळेची पायरीही सोबत लहान केली तरच खरं आहे, आणि हे कुणी सांगून पटत नाही, स्वतःच्या एक्सेलमध्ये दात उगवलेले बघावे लागतात.

हे उदाहरण माझं नाही. लोरेना बार्बा या प्राध्यापिकेने बोस्टन विद्यापीठात शिकवताना बारा पायऱ्यांचे धडे केले, 'सीएफडी पायथन' नावाने ते सगळ्यांसाठी मोफत आहेत. पहिली पायरी हाच डबा. अकरावी पायरी झाकण सरकणारी चौकोनी पेटी, बारावी दोन पाट्यांमधला प्रवाह, दोन्हींत पूर्ण नेव्हिअर-स्टोक्स. पायथन टाकायची कटकट नको असेल तर ब्राउझरमध्ये गूगल कोलॅबवर चालतं, आठ जीबीचा लॅपटॉप पुरून उरतो. तुम्हाला एकच नाव हवं होतं ना, तर हे घ्या. पण धडे वाचायचे नाहीत, टाइप करायचे. कॉपी-पेस्ट केलंत तर बारा पायऱ्या एका रविवारी होतील आणि सोमवारी काही उरणार नाही.

आता माझी एक फजिती सांगते, कारण "सॉफ्टवेअर आलं म्हणजे सीएफडी आलं" हेही तुमच्या पत्रात दडलेलं आहे. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी एका डक्टमधल्या हवेचं काम केलं होतं. निळ्यापासून लालपर्यंत रंग, बाणांच्या ओळी, वळणावर सुरेख भोवरा. मीटिंगमध्ये सगळे माना डोलवत होते. कोपऱ्यात एक वयस्कर साहेब बसले होते, त्यांनी एवढंच विचारलं, "रेनॉल्ड्स नंबर किती धरलास?" वेग गुणिले रुंदी भागिले चिकटपणा, प्रवाह शांत की खळबळता ते सांगणारा हा आकडा. मी सांगितला. ते कागदावर काहीतरी करत होते, मग म्हणाले, "म्हणजे तुझा डक्ट तीनशे मीटर रुंद आहे." कॅडची फाइल मिलिमीटरमध्ये होती, सॉल्व्हरने, म्हणजे गणित सोडवणाऱ्या प्रोग्रामने, आकडे मीटर म्हणून घेतले होते. आकार साठवणाऱ्या एसटीएल फाइलमध्ये एकक लिहिलेलंच नसतं. तीनशे मीटरच्या डक्टचं चित्रही तितकंच सुंदर आलं होतं, हेच मला अजून खुपतं.

म्हणून एनपीटीईएलकडे परत जा, पण आता कामापुरतं. एक्सेलमध्ये दात का उगवले ते समजून घ्यायला स्थिरतेचं व्याख्यान उघडा, तेवढंच. आयआयटी खरगपूरचे सुमन चक्रवर्ती यांची व्याख्यानमाला तिथे आहे, त्यांची फळ्यावर एकेक पायरी मांडत जाण्याची पद्धत मला आवडते. वेग कमी-जास्त करता येतो, इंग्रजी सबटायटल्स असतात, आणि खरं सांगायचं तर सीएफडीचं इंग्रजी दीड-दोनशे शब्दांचं असतं. तुमचं पत्रच निम्मं त्या शब्दांनी भरलंय. व्याख्यानं बघायला पैसे नाहीत, सर्टिफिकेटची परीक्षा द्यायची तरच फी, आणि ती ८५ हजारांच्या शेजारी ठेवली तर चहापाण्याचा खर्च वाटेल. जानेवारी आणि जुलैमध्ये नवी सत्रं सुरू होतात. परीक्षेची तारीख डोक्यावर असल्याशिवाय हलत नसाल तर नाव नोंदवा. मी तरी तशीच होते.

समीकरणांचा कंटाळा आला की १९६० च्या दशकात अमेरिकेत केलेल्या प्रवाहशास्त्र शिकवणाऱ्या फिल्म बघा. एमआयटीचे ॲशर शापिरो त्या प्रकल्पाचे म्होरके होते, इंटरनेटवर त्या मोफत आहेत. जी. आय. टेलर यांची मंद प्रवाहावरची फिल्म तर घरच्यांनाही दाखवा. ते एका घट्ट द्रवात रंगाचा ठिपका सोडतात, हँडल फिरवून तो पुरता पसरवून टाकतात, मग हँडल तितकंच उलटं फिरवतात आणि ठिपका जवळजवळ होता तसा परत येतो. माझ्या सासूबाईंनी ती दोनदा बघितली आणि म्हणाल्या, पाकात तार धरते तेव्हा असंच होत असेल का? तसं नाही होत, पण प्रश्न बरोबर जागी होता.

तुमची कमांड का चालली नाही त्याचा मला अंदाज आहे. ओपनफोम लंडनच्या इंपीरियल कॉलेजमध्ये जन्मलं, २००४ मध्ये मुक्त झालं आणि पुढे त्याच्या शाखा फुटल्या. एक शाखा डॉट ऑर्गवर मिळते, तिच्या आवृत्त्यांना १०, ११, १२ असे साधे आकडे. दुसरी डॉट कॉमवर, तिथे व्ही२३१२ असं वर्ष-महिन्याचं नाव. ऑर्गवाल्यांनी २०२३ च्या ११ व्या आवृत्तीपासून सॉल्व्हर चालवायची पद्धतच बदलली, जुन्या सिंपलफोमच्या जागी फोमरन आणलं. तुम्ही जुना व्हिडिओ लावून नवी ऑर्ग आवृत्ती टाकली असेल तर कमांड आणि आवृत्ती जुळणार कशा? दोष तुमच्या लॅपटॉपचा नाही. व्हिडिओ निवडलात की त्यातली शाखा आणि आवृत्ती वहीत लिहा, तीच टाका. विंडोज काढायची गरज नाही, डब्ल्यूएसएल चालू केलं की विंडोजच्या पोटातच लिनक्स चालतं.

मराठीचं विचारलंत. सीएफडीचा पायापासूनचा सलग कोर्स मराठीत माझ्या पाहण्यात नाही. पण आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये लिनक्ससारख्या मालिका मराठीत डब केलेल्या आहेत. तुमची पहिली ठेच कमांडलाच लागली होती आणि त्या कमांड लिनक्समध्येच द्यायच्या असतात, तेव्हा तिथून सुरुवात करा. तिथेच ओपनफोमची छोट्या छोट्या व्हिडिओंची मालिका आहे. आयआयटी मुंबईच्याच फॉसी या मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पात ओपनफोमच्या केस स्टडी स्वीकारतात: तुम्ही एक प्रवाह सोडवायचा, अहवाल लिहायचा, तो तपासून पसंत पडला की त्यांच्या संकेतस्थळावर येतो. पुढे मुलाखतीत दाखवायला मला तरी हे कुठल्याही सर्टिफिकेटपेक्षा वजनदार वाटतं, कारण तो अहवाल उघडून समोरचा तुम्हाला प्रश्न विचारू शकतो.

ओपनफोमसोबत येणारं एक जुनं उदाहरण म्हणजे बार्बाबाईंची अकरावी पायरीच, कॅव्हिटी. दहा सेंटिमीटरची चौकोनी पेटी, झाकण सेकंदाला एक मीटर वेगाने सरकतंय, २० गुणिले २० ची जाळी. म्हणजे पेशी, जाळीचा एक चौकोन, पाच मिलिमीटरची, वेळेची पायरी ०.००५ सेकंद. एक्सेलमधला गुणक आठवा आणि काढा: बरोबर १. ज्याने हे उदाहरण लिहिलं त्याने तो आकडा हवेतून घेतला नव्हता. मग चिकटपणा ०.०१ वरून ०.००१ वर आणा, रेनॉल्ड्स नंबर १० चा १०० होईल. वेळ अर्ध्या सेकंदावर थांबवू नका, दहा-एक सेकंद चालू द्या. पेटीच्या मधल्या उभ्या रेषेवर उलट वाहणारा सगळ्यात जास्त वेग झाकणाच्या २१ टक्क्यांच्या आसपास यायला हवा. घिया, घिया आणि शिन यांनी १९८२ मध्ये छापलेल्या तक्त्यात तो आकडा आहे आणि अजूनही लोक त्याच तक्त्याशी आपलं उत्तर ताडून बघतात. तुमचा २० बाय २० चा आकडा थोडा कमी येईल. ४० बाय ४० करा, पायरी निम्मी करा, परत बघा. एवढं केलंत की तुम्ही तीन आठवड्यांत ते केलेलं असेल जे रंगीत चित्रं काढणारे कित्येक जण तीन वर्षांत करत नाहीत.

त्या सिंपलफोममधलं 'सिंपल' हे सोपं या अर्थाचं नाही, एका पद्धतीच्या लांबलचक नावाची ती आद्याक्षरं आहेत. ती पद्धत १९७२ मध्ये सुहास पाटणकर आणि ब्रायन स्पॉल्डिंग यांनी मांडली. पाटणकर पुण्याचे, १९६२ चे सीओईपीचे पदवीधर, मग आयआयटी मुंबई, मग इंपीरियल. त्यांचं १९८० चं पुस्तक जेमतेम दोनशे पानांचं आहे आणि गणिताची भीती असणाऱ्याने वाचावं असं आहे, कारण प्रत्येक सूत्राआधी ते विचारतात की या पेशीत काय आलं आणि काय गेलं. तुमच्या कॉलेजच्या लायब्ररीत असेल, माजी विद्यार्थी म्हणून मागून बघा.

आता ८५ हजार. क्लास वाईटच असतात असं मी म्हणणार नाही. कुणीतरी रोज हजेरी घेतल्याशिवाय ज्याला बसवत नाही, ज्याला शंका विचारायला हाताशी एक माणूस हवा आहे, त्याला चांगला मास्तर भेटला तर पैसे वसूल होतात. पण पैसे मास्तरचे द्यायचे, सर्टिफिकेटच्या कागदाचे नाही. फोन करून विचारा: शिकवणार कोण, त्याने स्वतः कंपनीत किती वर्षं हे काम केलंय, प्रोजेक्ट सगळ्यांना एकच देतात की आपला आणला तर चालतो, आणि मागच्या बॅचच्या दोघांचे नंबर मिळतील का. 'प्लेसमेंट असिस्टन्स' म्हणजे नोकरी नव्हे, बऱ्याचदा तुमचा बायोडेटा दहा ठिकाणी ईमेल करणं एवढंच असतं. फ्लुएंट हे ॲन्सिस कंपनीचं सीएफडी सॉफ्टवेअर शिकवतो असं ते सांगतील, आणि पुण्यातल्या जाहिरातींत फ्लुएंट, स्टार-सीसीएम प्लस ही नावं येतात हेही खरं. पण ॲन्सिसची विद्यार्थी आवृत्ती फुकट मिळते, जाळीच्या आकारावर मर्यादा असते इतकंच. कॉर्नेल विद्यापीठाच्या राजेश भास्करन यांचा सिम्युलेशनचा कोर्स एडएक्स या ऑनलाइन कोर्सच्या संकेतस्थळावर आहे, त्यात सॉफ्टवेअर उघडण्याआधी हाताने अंदाज काढायला लावतात आणि शेवटी उत्तर तपासायला. मधलं बटणं दाबणं सगळेच शिकवतात, ही दोन टोकं शिकवणारे कमी. तेव्हा वडिलांना सोसायटीत जाऊ देऊ नका, निदान सहा महिने तरी. कॅव्हिटीचं उत्तर तक्त्याशी जुळवूनही क्लास लावावासा वाटला तर लावा, तोवर तुम्हाला मास्तरला काय विचारायचं ते कळलेलं असेल.

राहिली फौंड्री. तुमच्या पत्रात ती सोडून जायची जागा आहे. मला ती तुमची सगळ्यात मोठी ठेव वाटते. वीस सेंटिमीटर उंचीच्या स्प्रूमधून, म्हणजे साच्यात ओतायच्या उभ्या वाटेतून, धातू खाली येतो तेव्हा त्याचा वेग सेकंदाला दोन मीटरच्या जवळ असतो. दोन गुणिले नऊ पॉइंट आठ गुणिले ०.२, त्याचं वर्गमूळ. तो रनरमध्ये, म्हणजे पुढच्या आडव्या वाटेत, कसा आदळतो, हवा कुठे ओढून घेतो, कुठल्या कोपऱ्यात दोन लोट भेटूनही एकजीव न होता कोल्ड शट होतं, हे तुमच्या रिजेक्शनच्या रजिस्टरमध्ये तीन वर्षांचं लिहिलेलं आहे. पुण्यातल्या एसी केबिनमध्ये रंग काढणाऱ्याकडे ते रजिस्टर नाही. ओपनफोममध्ये धरण फुटल्याचं एक उदाहरण येतं, पाण्याचा खांब कोसळतो आणि हवेशी त्याची सीमा कशी हलते ते त्यात दिसतं. धातू गोठण्याचा भाग त्यात नाही, तो फार पुढचा. पण साच्याच्या आकाराचा एक साधा डबा करून त्यात पाणी ओतून बघण्याइतपत तुम्ही वर्षभरात पोचाल. तुमच्या मेथड्सच्या, म्हणजे साच्याची रचना ठरवणाऱ्या, माणसाला ते दाखवा, सुरुवातीला तो हसेल.

पण साचा नंतर. पहिला प्रवाह मीच ठरवून देते, नाहीतर तुम्ही परत बुकमार्क करत बसाल. दहा मिलिमीटर आतल्या व्यासाची सरळ नळी, दीड मीटर लांब, आत साधं पाणी, सरासरी वेग सेकंदाला दहा सेंटिमीटर. रेनॉल्ड्स नंबर हजार, म्हणजे शांत प्रवाह. नळी गोल आहे म्हणून सगळी जाळी नको, पाचरीएवढा तुकडा पुरतो. पहिला अर्धा मीटर प्रवाहाला स्थिरावायला लागेल, तो सोडून द्या. पुढच्या एक मीटरमध्ये दाब किती उतरला तो बघा, आणि मधल्या रेषेवरचा वेग सरासरीच्या दुप्पट आलाय का तेही. कागदावरचं उत्तर ३२ पास्कल. ओपनफोमने ०.०३२ दाखवलं तर लगेच जाळीला दोष देऊ नका, न दाबल्या जाणाऱ्या प्रवाहाच्या सॉल्व्हरमध्ये दाब घनतेने भागलेला असतो. पाण्याच्या हजाराने गुणा आणि मग मला लिहा.